लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचा रस्ता

"जेवत्या हाताला," सुनंदाबाई मागून म्हणाल्या.

रुपचंद आबांनी मोटरसायकल उजवीकडे घातली. अमळनेर मागं पडलं होतं. डांबर संपलं, खडी लागली. दोन्ही बाजूंना दादर ज्वारी कमरेच्या वर उभी होती. हा रस्ता पुढं कुठं जातो, याची आबांना सुतराम कल्पना नव्हती.

"आठवतं ना? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आलो होतो."

"न आठवायला काय झालं," आबा म्हणाले.

काहीच आठवत नव्हतं.

आबांची सगळी अब्रू स्मरणशक्तीवर उभी होती. जळगावच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सारी नोकरी सरली. यावल, चोपडा, जामनेर, कुठलीही गाडी विचारा, कागदाकडे न बघता सांगत. स्वतः मात्र त्यातल्या एकाही गाडीत हौसेनं बसले नाहीत. मुलगा पुण्याला जाताना मोटरसायकल ठेवून गेला, तेव्हाही त्यांनी बजावलं होतं, "अनोळखी रस्त्याला मी चाक लावणार नाही." नात दिपमाला पुण्याहून कुठल्या कुठल्या जागांचे फोटो पाठवी. आबा चष्मा लावून बघत आणि म्हणत, "पाहिली. आता जायचं कशाला?"

नशीब, की लग्नानंतर दोघं राजदूत फटफटीवरून बरंच फिरलेले होते. सुनंदाबाई तसं सांगत. तापीकाठानं मुक्ताईनगर, अजिंठ्याच्या डोंगराकडची आडवाट, गेले काही रविवार त्यांना एकेक जुनी जागा आठवत होती. त्यांना वळणन्‌वळण आठवे. आबांना एकही नाही.

पहिल्या खेपेला आबांनी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या खेपेला ताट अर्धं टाकून उठले. थोरले बंधू तोताराम यांचं असंच सुरू झालं होतं. आधी जागा गेल्या, मग माणसं. आता ते पोटच्या पोराला 'साहेब' म्हणतात आणि स्वतःच्या घरातून घरी जायला रजा मागतात.

तेव्हापासून आबांनी ठरवून टाकलं. हिला कळू द्यायचं नाही. ती म्हणेल ते आठवायचं.

"आता रित्या हाताला," मागून आवाज आला.

आबा डावीकडे वळले. सुनंदाबाईंच्या कानात हेल्मेटखाली हरिपाठाची वायर होती. मधूनमधून त्या "हूं, हूं" करत. देवाचं नाव ऐकत ऐकत बाईला रस्ता आठवतो, आणि आपल्याला नुसतं रस्त्याकडे बघूनही आठवत नाही, याचं आबांना फार वाईट वाटलं.

फाट्यावर एक म्हातारबा शेळ्या घेऊन उभे होते.

"कथा चालनात, आबा?"

"सोनगीरच्या किल्ल्याच्या मागल्या अंगाला," सुनंदाबाईंनीच उत्तर दिलं. "आमची पायाखालची वाट आहे. तरणेपणी आलो होतो."

"ह्या रस्ताथून?" म्हातारबा हसले. "हाऊ रस्ता ते आत्ते व्हयना. पहिले आठे बठ्ठं काटवन व्हतं."

रस्ता आत्ताचा, आधी नुसती काटेरी झाडी? आबांनी आरशातून मागं पाहिलं.

"तेव्हा गाडीवाट होती," सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या.

"गाडीवाटच!" आबा घाईघाईनं म्हणाले. "चाकोऱ्या केवढ्या खोल होत्या!"

म्हातारबांनी आबांकडे पाहिलं, मग शेळ्यांकडे. शेळ्या जास्त भरवशाच्या वाटल्या असाव्यात. ते त्यांच्यामागं निघून गेले.

पुढं रस्ता एका नाल्याच्या खोऱ्यात उतरला. तिथं दोन फाटे आले आणि सुनंदाबाई एकदम गप्प झाल्या.

"कोणत्या हाताला?"

"थांबा हो. आठवू द्या."

आबा थांबले. सुनंदाबाईंनी पिशवीत हात घालून काहीतरी चाचपलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा चाचपलं. काही आठवेना. बाईचंही वय झालं म्हणायचं. आबांना, खोटं कशाला बोला, जरा बरं वाटलं.

"असं करा, त्या चढावर तर घ्या गाडी. उंचावरून काही सुचेल."

चढ चढून गाडी वर आली आणि सुनंदाबाई ओरडल्या, "आठवलं! परत खाली, अन् जेवत्या हाताला!"

थोड्याच वेळात एका वळणावर सोनगीरचा किल्ला पाठमोरा समोर आला. अलीकडे नाल्याच्या काठी भलीमोठी चिंच. खाली सावली, वर पोपटांचा कालवा. आबांनी गाडी लावली आणि बघतच राहिले. इतकी देखणी जागा, आणि आपल्या डोक्यात तिचा मागमूस नाही?

नुसत्या 'हो'वर आता भागणार नव्हतं.

"इथंच तू रुसली होतीस," ते म्हणाले.

सुनंदाबाई दचकल्या. "मी?"

आबांनी चिंचेकडे पाहिलं. चुकलं वाटतं. पण आता माघार घेणं म्हणजे तोतारामभाऊंच्या शेजारी खाट टाकणं.

"तूच. चिंचा पाडून देत नाही म्हणून. मग मी चढलो. लेंगा फाटला. घरी जाईपर्यंत तू मागून फाटक्यावर पदर धरून बसली होतीस."

सुनंदाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. ओठ थरथरले. रडतात की हसतात, आबांना कळेना.

"अगदी," त्या अखेर कशाबशा म्हणाल्या, "अगदी तस्संच झालं होतं हो."

आबांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे शाबूत आहे डोकं! आता तर त्यांना तो लेंगाही दिसायला लागला. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा.

सुनंदाबाईंनी डोळे पुसायला हेल्मेट ओढून काढलं. त्याबरोबर वायर निसटली, आणि पिशवीतल्या फोनमधून हरिपाठाच्या जागी दिपमालाचा खणखणीत आवाज आला, "आजी, नकाशावरचा तुमचा ठिपका थांबला, म्हणजे पोचलात ना? आबांना आठवलं याही वेळी? बरं ऐक, पुढच्या रविवारचा रस्ता मी काढून ठेवलाय, एकदम भारी. तिथं तुम्ही कधी गेला होतात, तेवढं तू ठरवून ठेव."