चाचाचा हात

भूकंपाच्या साली लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये नर्सिंग कॉलेज सुरू झालं, तेव्हा पट्टी बांधायला शिकणाऱ्या पोरींपुढं शिपाई लालमहंमदचाचा पेशंट म्हणून बसायचा. पुढची तीस वर्षं प्रत्येक बॅच चाचाचा हात बांधूनच दवाखान्यात गेली. आता रस्त्यापलीकडं डॉक्टरकीच्या क्लासेसच्या पाट्या होत्या, कॉलेज तीन मजली झालं होतं आणि टेबलावर नवाकोरा रबरी पेशंट निजला होता. आपलं काम संपलं असं समजून चाचा दाराशीच थांबला. नव्या प्राचार्या अंबिका मॅडम पहिल्या बॅचच्या. त्यांनी रबरी हात बाजूला सारला. "हा दुखलं म्हणत नाही. चाचा, या." मॅडमनी पट्टी बांधून गाठ मारली. पोरी चाचाच्या तोंडाकडं बघत होत्या. "मॅडम" म्हणायचं चाचा विसरूनच गेला. "अंबिके, आजूनबी घट्टच बांधतीस की." प्राचार्या हसल्या आणि गाठ सोडून पहिल्यापासून बांधू लागल्या.