सीटमागचा पाइप

"दाजी, खाली उतरा. भोक पाडायचंय."

हौसराव उतरला नाही. छातीवरचा पट्टा तसाच, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

दौंडच्या बाजार आवारात मोटार रॅलीच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. सुटायच्या आधीची तपासणी चालली होती. चांगदेवचं गॅरेज स्टेशन रोडलाच, ड्रिल आणि वेल्डिंगचं मशीन त्याच्या घरचं, म्हणून संयोजकांनी त्यालाच धरून आणलं होतं. सकाळपासून त्यानं कितीतरी गाड्यांना भोकं पाडली होती. पण ही गाडी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची होती.

गेल्या साली न्हावऱ्याच्या पुढं एक गाडी उलटली आणि टप खाली बसून आतला माणूस गेला. दुसरीच्या डिकीतल्या जादा टाकीनं पेट घेतला. म्हणून यंदा नियम बदलले. जादा टाकी बंद, गाडीबरोबर आलेली तेवढीच. कमरेला आणि छातीला पट्टा सक्तीचा. आणि आत लोखंडी पाइपाचा पिंजरा, ठरल्या जाडीचा. जाडी बघायला सीटमागच्या पाइपाला बारीक भोक पाडायचं, माप घ्यायचं, लगेच वेल्डिंगनं बुजवायचं.

रॅलीवाले कसली बेणी! नियम छापून यायच्या आधी पळवाट तयार. वजन वाढतं म्हणून पातळ पाइप बसवायचा आणि वरून झकास रंग मारायचा, ही यंदाची टूम. हौसराव तर शिरूरचा नंबर एकचा खटपट्या.

चार दिवसांपूर्वी त्याची बहीण पुतळा दौंडला आली होती ती रडायलाच.

"दादा, शटर ओढून एकलंच वेल्डिंग करत्यात," ती म्हणाली. "मला बी आत येऊ देत न्हाईत. इचारलं तर हसत्यात. म्हणत्यात, यंदा बी वाटंत कुठं थांबायचं न्हाई, पैला नंबर आपलाच. पिंजऱ्याचं वजन घिऊन पैला नंबर कसा येतोय? पाइप पातळच आसंल. माझ्या जिवाला घोर लागलाय."

"मी हाय ना तपासणीला," चांगदेव म्हणाला. "तू घरी जा."

पण त्या दिवसापासून त्याला धड जेवण गेलं नव्हतं. डोळे मिटले की न्हावऱ्याची ती चेपलेली गाडी दिसायची, आणि आत दाजी.

आज सकाळी गाडीपाशी उभं राहून त्यानं विडी पेटवली, तर हौसरावनं ती तोंडातून ओढून पायाखाली चिरडली. "रंग वला हाय," म्हणाला. चांगदेवनं मग सहज म्हणून पान्ह्यानं पाइपावर टिचकी मारली. पोकळ पाइप खणकन वाजायला पाहिजे. हा बद्द वाजला.

पाइप वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासतात, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला ठाऊक. दाजीनं ती वाळू तशीच ठेवली होती. पातळ पत्र्याचा आवाज लपवायला, दुसरं काय?

"काय अडलंय?" पुण्याहून आलेले तपासणीचे साहेब मागं येऊन उभे राहिले.

"न्हाई साहेब, पाडतोच हाय."

"चांगदेव," हौसराव दबक्या आवाजात म्हणाला, "तू घरातलाच हाइस. म्होरली गाडी घे."

"घरातला हाय म्हणूनच पाडतोय."

"तुला पुतळाची आण हाय. त्या पाइपाला हात लावू नगं."

"पुतळासाठीच लावतोय, दाजी. तिच्या कुंकवासाठी."

हौसरावच्या तोंडाचं पाणी पळालं. त्यानं साहेबांकडं मान वळवली.

"साहेब, पाइप पातळ हाय. मीच घातलाय. मला बाद करा, मी गाडी घिऊन घरी जातो."

चांगदेवचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांनी मान हलवली.

"तोंडी कबुली चालत नाही. उद्या तुम्हीच तक्रार कराल. माप घ्यावंच लागेल. उतरा खाली."

"मी उतरत न्हाई. माणूस आत आसताना कसं पाडताय ते बघतो."

"बसा तर मग. पाडा हो तुम्ही."

चांगदेवनं मागचं दार उघडलं आणि पाइपाला ड्रिल टेकवलं. ड्रिल जुनंच होतं, चालू केलं की मागच्या फटीतून निळ्या ठिणग्या झडायच्या आणि आवाज असा की शेजारी ढोल वाजला तरी कळू नये. त्यानं बटण दाबलं.

हौसराव वळून काहीतरी ओरडत होता. त्याची बोटं पट्ट्याच्या नव्या कडीशी झोंबत होती, पण कडी सुटत नव्हती. चांगदेवनं मुद्दाम तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर हात मागं आला असता.

पातळ पाइप असता तर ड्रिलचं बिट एव्हाना आत गेलं असतं. पण गेलं नाही. चांगदेवनं जोर लावला. लोखंडाचा कीस पडत राहिला, पडतच राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाइप जाड होता, नियमाला पुरून उरेल इतका जाड. पुतळाचा नवरा गाडीत चेपून मरणार नव्हता.

"दाजी," तो ड्रिल न थांबवता आनंदानं ओरडला, "जाड हाय की वो पाइप! मग खोटं कशापायी बोललात?"

तेवढ्यात बिट आरपार गेलं, आणि भोकातून उसळलेलं गार पेट्रोल त्याच्या हातावरून थेट ठिणग्यांवर आलं.