दोनदा सावध केलेली मुलगी

"माझी मुलाखत अभ्यासातून काढून टाका," डेल्फीनने हातांच्या खुणांनी सांगितले आणि शेजारी बसलेल्या व्हर्ना मावशीने ते मोठ्याने बोलून दाखवले.

समोर डॉ. थोरलाकसन होत्या. कॅनडातल्या विनिपेगमध्ये देहविक्रयासाठी मुली कशा पळवल्या जातात, याचा त्या अभ्यास करत होत्या. छापण्यापूर्वी निष्कर्ष मुलाखत दिलेल्या स्त्रियांना दाखवायचा, अशी तिथली रीत. निष्कर्ष स्पष्ट होता: ज्यांना आधी सावध केले गेले, त्या बहुधा वाचल्या. क्री या आदिवासी जमातीच्या मुलींना बसस्थानकावर जमातीतल्या मावश्या सावध करत, कर्णबधिर मुलींना त्यांच्या शाळेत शिक्षक. डेल्फीन क्री होती आणि जन्मतः कर्णबधिरही. म्हणून अभ्यासाच्या तक्त्यात 'सावध केले होते का?' या दोन्ही रकान्यांत तिच्यापुढे 'हो' होते. तरीही ती तिला पळवणाऱ्या माणसाच्या ट्रकमध्ये बसली होती.

"सगळ्यांनी सांगूनही मी गेले. दोष माझाच, हे मला आधीच माहीत होतं. आता तुमचं गणितही तेच म्हणतंय."

"गणिताला काय कळतंय, वेडाबाई!" हे मावशीने पदरचे जोडले.

थोरलाकसन यांचा अपवादांवर विश्वास नव्हता. अपवाद बहुधा मोजणाऱ्याच्या चुकीतून जन्मतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी विचारले, "शाळेत तुला नेमकं काय सांगितलं होतं?"

"कुठली शाळा? ती शहरात. आमच्या वस्तीवरून तिथं कुणाला पाठवतच नव्हते."

तो 'हो' तिला विचारून लिहिलेला नव्हता. कर्णबधिर म्हणून गृहीत धरलेला होता. थोरलाकसन यांनी तो खोडला.

"आणि बसस्थानकावर?"

"तिथं मी होते ना!" मावशी ठसक्यात म्हणाली. "एक पोरगी सुटायची नाही माझ्या तावडीतून. 'फुकट कॉफी पाजणाऱ्याच्या गाडीत बसू नका गं!' असं ओरडायचे. रस्त्यापलीकडं ऐकू जायचं. माझा आवाज म्हणजे..."

बोलता बोलता डेल्फीनसाठी खुणा करणारे मावशीचे हात हवेतच थांबले. खुणांची भाषा ती शिकली होती डेल्फीन परत आल्यानंतर.

डेल्फीनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग खोडलेल्या अक्षराकडे.

"म्हणजे मला कुणी सांगितलंच नव्हतं?"

"नाही," थोरलाकसन म्हणाल्या. "कुणीच नाही."

डेल्फीनने खुर्चीला पाठ टेकली. खांदे सैल सोडले. मग तिचे हात सावकाश हलले आणि मावशीने ते शब्द कसेबसे उच्चारले:

"रडू नकोस गं मावशी. इतक्या वर्षांत इतकी चांगली बातमी मला कुणी दिली नव्हती."