श्रावस्तीचं जेवण

बॅनर सोफ्याच्या वर लागला. क्रांतीने मागे सरून तो सरळ आहे का ते पाहिलं. गुलाबी कागदावर सोनेरी अक्षरं होती : ‘श्रावस्तीचं उष्टावण’. काल छापणाऱ्याचा फोन आला होता, “मॅडम, ये उष्टावण क्या होता है?”

“अन्नप्राशन. हमारे में उष्टावण बोलते हैं.”

खरं तर तिलाही तो शब्द नवाच होता. ती दिल्लीत वाढलेली. गेल्या आठवड्यात मराठी आयांच्या ग्रुपवर तो वाचला आणि तिला फार आवडला.

स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई, नंदा, पेज ढवळत होत्या. धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजलेल्या तांदळाचं पीठ. गुठळी होऊ नये म्हणून आधी थंड पाण्यात कालवलेलं. मीठ नाही, साखर नाही.

“मिठाशिवाय कोण खातं गं हे?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, आई. वर्षाची होईपर्यंत बिल्कुल नाही.”

“डॉक्टरांना वाढ मग एक वाटी.”

दार उघडून सासरे आत आले. यशवंत रोज सकाळी वसुंधरा कॉलनीच्या पार्कात चालून, दूध घेऊन येत. त्यांनी बॅनर वाचला. दुधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि तिथेच बसले.

“बाबा, पहिला चमचा तुमचा,” क्रांती म्हणाली.

“कशाचा?”

“उष्टावणाचा.”

“मग माझा नको. समाधानला सांग.”

क्रांतीचा नवरा समाधान फुगा फुगवत होता. त्याने तो तोंडातून काढला. “आता काय झालं, बाबा? शेजारचे येतील इतक्यात.”

यशवंत सुनेकडे पाहत होते. “उष्टं म्हणजे काय, माहीत आहे?” आवाज चढलेला नव्हता. ऑफिसात फाईल परत पाठवताना असेल, तसाच होता.

“जूठा. म्हणजे ती चाटणार, वाटी उष्टी करणार, म्हणून उष्टावण. गोड आहे ना?”

“माझी आई गावात दारोदार फिरायची. तिच्या टोपलीत लोक जे टाकायचे, त्याला हाच शब्द होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तिने ती टोपली चुलीत घातली. मी त्यानंतरचा.”

समाधानच्या हातातल्या फुग्यातली हवा हळूहळू निघून गेली.

“अहो, सगळा महाराष्ट्र म्हणतो,” नंदा आतून म्हणाल्या. “शब्दाला काय धरून बसता?”

“म्हणू दे.”

क्रांती सोफ्यावर चढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा थोडा रंगही निघाला. बॅनरची गुंडाळी हातात घेऊन तिने विचारलं, “मग काय म्हणायचं, बाबा?”



“जेवण म्हणा!” नंदा पातेलं घेऊन बाहेर आल्या. “पोर जेवायला बसतेय. आणखी काय?”

“जेवण,” यशवंत स्वतःशीच म्हणाले. मग उठले, हात धुतले, आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

श्रावस्ती उंच खुर्चीत बसून पट्टा चघळत होती. यशवंतांनी पेजेचा थेंब स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिला आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड वाकडं केलं. जिभेने सगळी पेज बाहेर ढकलली. ती हनुवटीवरून ओघळली.

“सुरुवातीला असंच असतं,” म्हणत नंदांनी सराईतपणे दुसऱ्या चमच्याने हनुवटीवरची पेज निपटली आणि चमचा पुन्हा तिच्या तोंडाकडे नेला. यशवंतांनी त्यांचा हात धरला.

“ते नको.”

“अहो, तिचंच आहे!”

“असू दे. नवीन वाढ.”

त्यांनी रुमालाने हनुवटी पुसली. क्रांतीने धुतलेला चमचा दिला. पातेल्यातून ताजी पेज. तीही बाहेर आली. पुन्हा रुमाल, पुन्हा दुसरा चमचा. नंदांनी कपाळावर हात मारला. सिंकमध्ये चमच्यांचा ढीग झाला.

बेल वाजली. समाधानने दार अर्धवट उघडलं. “आंटी, बस दो मिनट,” म्हणून तो परत आला.

या वेळी पेज बाहेर आली नाही. श्रावस्ती क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली. मग तिचा इवलासा गळा हलला. ती पुढे झुकली आणि तिने आपणहून तोंड उघडलं.

यशवंतांनी न पाहताच हात मागे केला. क्रांतीने ड्रॉवर ओढला, मग खालचाही ओढला.

“चमचे संपले, बाबा.”

“समाधान, धुऊन आण,” यशवंत म्हणाले. “ती जेवतेय.”