कडेचा माणूस

पाणी काही केल्या स्पष्ट होईना. वायरमनने पडद्यावरची पट्टी आणखी उजवीकडे सरकवली, तसे धबधब्यामागचे खडक वाळूसारखे दाणेदार झाले. पाणी मात्र होते तसेच राहिले, कोणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखे.

तो मागे टेकला. घरात संगणकाच्या पंख्याचा काय तो आवाज होता.

शनिवारी वाचनालयाच्या खोलीत त्याच्या बायकोचे फोटो लागायचे होते. तिला जाऊन वर्ष होत आले म्हणून तिच्या छायाचित्र मंडळाने ते ठरवले होते. मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त मास्तर, फोटो पाहायला आले तेव्हा फार सांभाळून बोलले. "वहिनींनी हौसेने काढलेत हो. पण धबधबा पुसट येतो. आणि कडेला माणूस आला की ओढ्याची शान जाते. तेवढं सुधारून दिलंत तर लावू."

बाई गेली म्हणून लावतोय, एरवी लावले नसते, हे ते बोलले नाहीत. पण वायरमनला ते ऐकू आले आणि जिव्हारी लागले. तिच्या हयातीत त्याने त्या फोटोंकडे धड पाहिलेसुद्धा नव्हते. आता निदान तिच्यामागे तिला कोणी हसायला नको. म्हणून मुलाच्या जुन्या संगणकावर तो फोटो सुधारायला शिकला. जन्मभर भिंतीतून वायरी ओढलेल्या माणसाने या वयात हे शिकायचे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पण केला.

कडेचा माणूस काढणे सगळ्यांत सोपे निघाले. तो माणूस म्हणजे तो स्वतःच होता. सुट्टीच्या दिवशी तिला स्कूटरवरून कुठल्या तरी ओढ्यावर न्यायचे, तिने ट्रायपॉड मांडायचा आणि याने दगडावर बसून पेपरातले शब्दकोडे सोडवायचे, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. "जरा हलू नका हं," ती म्हणायची. आपल्या पायांनी पाणी गढूळ होत असेल असे वाटून तो पाय वर घ्यायचा.

आपणच मध्ये कडमडलो आणि तिचे फोटो बिघडवले, असे म्हणत त्याने एकेका फोटोतून स्वतःला छाटून टाकले होते. राहिले होते ते पाणी. तेच दाद देत नव्हते.

संध्याकाळी मेहुणी चौकटी घेऊन आली. बायकोची ही धाकटी बहीण तोंडाने फटकळ, पण अजूनही त्याच्या दारात न बोलावता येणारी तेवढी एकच होती.

"भाऊजी, अंधारात काय बसलाय? वायरमनच्या घरात दिवा नाही, लोक काय म्हणतील!" तिने बटण दाबले आणि पडद्याकडे पाहिले. "हे काय?"

"धबधबा."

"ते दिसतंय मला. बाकीचा फोटो कुठंय?"

"कडेचा कचरा काढला. मास्तर म्हणाले..."

"मास्तर गेले खड्ड्यात. मूळ फोटो दाखवा."

त्याने दाखवला. तिने खुर्ची ओढली, डावी कडा मोठी केली, मग आणखी मोठी.

कोड्यातली घरे मोजता आली असती. ओठांत धरलेल्या पेन्सिलीवर चावल्याच्या खुणा होत्या. कानामागचे पांढरे केस सुटे सुटे दिसत होते. कॉलरचा उसवलेला टाकासुद्धा. पुसट असे तिथे काहीच नव्हते.

"फोकस चुकलाय तिचा," तो म्हणाला. "धबधब्यावर धरायचा, तो इकडे आला."

"दरवेळी?"

त्याने दुसरा फोटो उघडला. मग तिसरा. मग बरेच. ओढे वेगळे, धबधबे वेगळे, कुठे नुसती दगडांतून पाझरणारी धार. दगडावरचा माणूस सगळीकडे तोच आणि तेवढाच लख्ख.

"तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," मेहुणी म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती. "अहो, ताईला ओढ्याचं वेड कधी होतं? लहानपणी डबकं दिसलं तरी माझा हात धरायची. मी एकदा विचारलं तिला, हे कुठलं खूळ काढलंस म्हणून. तर म्हणाली, घरी ह्यांचे दोन घास खाऊन होत नाहीत तोवर फोन वाजतो, की चालले पिशवी उचलून. ओढ्यावर रेंज नसते. तेवढाच माणूस एका जागी बसलेला बघायला मिळतो."

एवढे बोलून ती उठली. चहा टाकते म्हणून आत गेली आणि तिथे उगाच भांडी वाजवत राहिली.

त्याने एकेक फोटो पूर्ववत केला. छाटलेली कडा परत यायची, तिच्याबरोबर दगड यायचा, दगडावर तो यायचा. मास्तरांना काय सांगायचे ते ठरले. लावायचे तर असेच, नाहीतर राहू द्या.

मग त्याने सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतले. पाण्याकडे आता त्याचे लक्ष नव्हते. तो स्वतःचा चेहरा शोधत होता. पण प्रत्येक फोटोत मान खाली होती. कॅमेऱ्यामागे ती जिथे उभी असायची, तिकडे त्याने एकदाही वळून पाहिले नव्हते.