आबांची घोंगडी

आबांनी गोफण गरगर फिरवली आणि दगड सोडला. बाभळीच्या शेंड्यावर एकटाच बसलेला गरुड दचकून उठला, माळावर एक घिरटी घेतली आणि दूर कालव्याच्या अंगाला निघून गेला. दगड त्याच्यापासून हातभर लांबून गेला होता. आबांचा नेम खरं तर साऱ्या न्हावरे गावात नावाजलेला.

सम्राट मोटारसायकलवर बसूनच बघत राहिला. भर उन्हात आबांनी अंगावर घोंगडी घेतली होती आणि घामानं त्यांचं तोंड निथळत होतं. गेल्या हिवाळ्यात हेच आबा या पाखरांचं लेकरांसारखं कौतुक सांगत होते.

"रोजचंच हाय हे," आबांची सून हर्षदा म्हणाली. ती मेंढ्यांना पाणी दाखवत होती. "त्यानं कोकरू उचललं म्हणत्यात. तवापासनं आबांचं डोकंच फिरलंय."

ते ऐकून सम्राटला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली. कारण तो आला होता माफी मागायला.

सणसवाडीच्या एका कंपनीत तो माल तपासायचा आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा पाठीवर टाकून हा माळ गाठायचा. पिंगट गरुडांची एक जोडी इथं राहायची. फोटोवाल्यांची गाडी लांब दिसली तरी दोघं उडायचे. आबा मात्र घोंगडी पांघरून, मेंढ्या घेऊन अगदी बाभळीखाली जायचे, तरी गरुड ढिम्म हलायचे नाहीत.

शेवटी आबांनाच त्याची दया आली. त्यांनी आपली घोंगडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली होती. "मेंढरांमधनं वाकून चाल, सम्राट बाळा. त्यास्नी वाटंल, मीच हाय. पर ही गोष्ट कुणाला सांगू नगंस."

मादी खाली दगडावर बसली होती. तो इतका जवळ गेला की तिच्या पिवळट डोळ्यात त्याला घोंगडीतला माणूस दिसला. असा फोटो जन्मात एकदाच मिळतो.

आणि सम्राटनं सांगितलं. एकाला नव्हे, साऱ्या जगाला. फोटो टाकल्यावर लोक विचारू लागले, बाबा, एवढ्या जवळ गेलास कसा? कौतुकाची चटक वाईट असते. त्यानं झकास रील केली. घोंगडी कशी घ्यायची, मेंढ्यांमधून कसं वाकून चालायचं, सगळं दाखवलं. जागेचं नाव मात्र घेतलं नाही, एवढ्यावर तो स्वतःची समजूत घालत राहिला. मागं न्हावरे फाट्याची पाटी स्पष्ट दिसते, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर लाखो लोकांनी रील पाहिली होती. त्यानं ती काढून टाकली, पण मनातून काही ती जाईना. आबांकडं साधा बटणाचा फोन, त्यांना काय कळणार, असं एकदा मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली.

तो चालत आबांपाशी गेला.

"या साहेब," आबा म्हणाले.

बाळाचा साहेब झालेला त्याला खुपला. पण आबांच्या हातातली गोफण बघून तो वेगळंच बोलून गेला.

"आबा, गुन्हा आहे हा. कोकरू नेलं तर भरपाई मागा ना. मुक्या जिवाला दगड कशाला?"

"करा की तक्रार."

सम्राट चिडला, आणि चिडल्यावर त्याला बरंही वाटलं. दुसऱ्याची चूक दिसली की आपली जरा हलकी होते. माफीचं बोलणं ओठांवरच राहिलं.

खोपटाच्या मेढीच्या खांबाला एक कोरी घोंगडी अडकवलेली होती. तिचा एक कोपरा फाटला होता.

"नवी घेतली वाटतं?"

"न्हाई. एकाची ऱ्हायली हितं."

गरुड परतून पलीकडच्या टेकाडावर बसला होता. आबांनी अंगावरची घोंगडी काढून सम्राटपुढं धरली. "आलाच हायसा तर जावा. मेंढरं घिऊन जावा. बघू, कितपत जवळ जाऊ देतोय."

नको म्हणावं असं सम्राटच्या मनात आलं, पण हात कॅमेऱ्याकडं गेलाच. घोंगडी पांघरून तो मेंढ्यांमध्ये शिरला आणि वाकून चालू लागला. अजून अर्धं अंतरही तुटलं नव्हतं, तेवढ्यात गरुड उडाला. भराभर वर चढत ठिपका झाला आणि दिसेनासा झाला.

सम्राट पाय आपटत परत आला. "बघितलंत? घोंगडी दिसताच उडाला. तुमच्यावरचा त्याचा विश्वास गेला, आबा. दगड मारून तुम्ही घालवलात."

"झ्याक झालं," आबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले.

सम्राटला काही कळेना. "झ्याक? आणि ते कोकरू?"

"कोकरं समदी हायती. लोकं इचारत्यात, कायतरी सांगाय लागतं."

सम्राटनं बाभळीकडं पाहिलं. आल्यापासून त्याला एकच गरुड दिसला होता.

"आबा, मादी कुठंय?"

आबांनी मेढीवरच्या कोऱ्या घोंगडीकडं बोट केलं. "ती पांघरून एक जण आला व्हता. म्होरं चार मेंढरं, काखंत जाळं. फाट्यावर चा पिताना सांगत व्हता म्हणं, समदं मोबाइलात बघून शिकलोय. मी पळत पोचलो तवर तिला घिऊन गेला. झटापटीत ही तेवढी हातात ऱ्हायली."

सम्राटनं अंगावरची घोंगडी उतरवली. "पण ती... ती उडाली का नाही?"

"का उडंल? तिला वाटलं, मीच आलोय."