लॅपटॉपमागची खुर्ची

साल दोन हजार चोवीस, महिना जानेवारी, वार रविवार, वेळ सकाळी अकराची. स्थळ भोपाळ, अयोध्या नगर, अरविंद देवस्थळी यांच्या घरातली मागची खोली. लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याच्या समुपदेशक दीप्ती केळकर दिसत होत्या. त्यांच्यासमोर खुर्चीत अरविंदरावांची पत्नी मंजूषा बसली होती. आणि लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, स्वतः अरविंदराव.

रायसेन रस्त्यावर नीलगाय आडवी येऊन त्यांची गाडी उलटली, त्याला वर्ष होत आले होते. खरचटण्यापलीकडे दोघांना काही झाले नव्हते. पण मंजूषाचे खांदे कानांशी जाऊन बसले आणि आवाज कुजबुजीपुरता उरला. घशात कोणत्याही डॉक्टरला काही सापडले नाही. कोटरा सुल्तानाबादेत राहणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या आईला कमी ऐकू येई. लेकीचा रोजचा फोन त्यामुळे बंदच पडला होता. शेवटी कोणीतरी हा मार्ग सुचवला. आघात शरीरात घर करून राहतो, तो शरीराकडूनच बाहेर काढायचा. आणि हे सारे घरबसल्या.

अरविंदरावांची उभी हयात कारखान्यात, माल तपासण्यात गेली होती. दीप्तीबाईंकडून आलेली प्रत्येक सूचना त्यांनी काटेकोर पाळली. पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी खुर्ची शोधून आणली. कॅमेरा गुडघ्यांपर्यंतचे दिसेल असा लावला. शाल ठेवली, पाणी ठेवले, दार लावून घेतले. खोलीत दुसरे कोणी नसावे, अशीही एक सूचना होती. तिचा त्यांनी सर्व बाजूंनी विचार केला आणि निकाल दिला, की नवरा हा दुसरा नव्हे.

"हा त्रास केव्हापासून, मंजूषाताई?"

"तसा आधीपासूनच थोडा..."

लॅपटॉपमागून अरविंदरावांनी जोरात मान हलवली आणि ओठांनी शब्द पुरवला.

"अपघातापासून," मंजूषा म्हणाली.

"बरं. आज अपघाताबद्दल बोलायचंच नाही. फक्त मान सावकाश फिरवा. नजर जिथं जाईल तिथं जाऊ द्या, आणि दिसेल ते सांगा."

मंजूषाने मान फिरवली. "खिडकी. वाळत घातलेली चादर. जामाचं झाड..."

"पेरू," अरविंदराव पुटपुटले. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिची भोपाळी मराठी सुटली नव्हती, आणि ती पुण्याच्या बाईंसमोर उघडी पडावी हे त्यांना बरे वाटेना.

"आत्ता तुमचे खांदे वर आले," दीप्ती म्हणाल्या. "आणि नजर सगळीकडे फिरते, लॅपटॉपच्या वर मात्र जात नाही. तिथं कोणी आहे का?"

मंजूषाने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. अरविंदराव उठून सरळ कॅमेऱ्यासमोर आले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"मी आहे. हिचा नवरा. हिला शब्द सापडत नाहीत, मॅडम. मी नसलो तर तुम्हाला कळणार कसं?"

"माझं शब्दांवाचून बरंच भागतं. तुम्ही जरा अंगणात थांबा."

"अंगणात? हे कोणत्या शास्त्राला धरून, तेवढं सांगा."

"सांगते ना, काका. आधी बाहेर तर जा."

बायकोला ताई आणि आपल्याला काका! अरविंदराव तणतणत बाहेर पडले. हिवाळ्याच्या उन्हात, पेरूखालच्या खुर्चीत बसून ते तक्रारीचे पहिले वाक्य मनात रचू लागले. ते त्यांच्या मनासारखे जुळेना. बंद खिडकीतून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

मग आवाज आला. आधी त्यांना वाटले, शेजारची कोणी बाई बोलते आहे. आवाज भरदार होता, मोकळा होता, काहीसा चढाच होता.

"अहो, आमच्या कोटऱ्यात जामाचं इतकं मोठं झाड होतं! भाऊ वर चढायचा, मी खाली ओढणी पसरून उभी. एकदा जाम सरळ माझ्या डोक्यावर! इतकी हसली मी, इतकी हसली, की आई ओरडली, साऱ्या मोहल्ल्याला उठवशील का गं!"

आणि मंजूषा हसली. अरविंदराव खिडकीशी गेले. काचेतून तिची पाठ दिसत होती. खांदे खाली उतरले होते, जिथे माणसाचे खांदे असतात तिथे. तिच्या बोलण्यातल्या चुका त्यांच्या ध्यानात आल्याच होत्या, पण आज त्यांनी त्या माफ केल्या. रायसेन रस्ता एका बैठकीत तिच्या अंगातून निघून गेला होता. रचत आणलेली तक्रार त्यांनी मोडली आणि तिच्या जागी आभाराचे वाक्य रचायला घेतले.

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला तसे ते लगबगीने आत गेले. मंजूषाच्या हातात फोन होता. ती आईचा नंबर काढत होती. त्यांनी आपली खुर्ची लॅपटॉपमागून ओढली आणि तिच्या अगदी समोर मांडली.

"कमाल केली बाईंनी! कोणता व्यायाम घेतला? नीट सांग, क्रमाने सांग. आता रोज सकाळी मी समोर बसून तुझ्याकडून करून घेईन."

मंजूषाचे खांदे हळूहळू वर सरकले. तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. तिचे उत्तर इतके क्षीण आले, की ते ऐकण्यासाठी अरविंदरावांना पुढे वाकावे लागले.

"व्यायाम काहीच नाही. तुम्ही बाहेर गेलात, बस, एवढंच."